खान्देशातून पहिल्यांदा क्रूझला निघताना: बेताच्या खर्चात जहाजाची सहल

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत समुद्राची सहल म्हटली की गोवा नाहीतर अलिबाग ठरलेलं असतं. जहाजाची सहल आपल्या खिशाला परवडणार नाही, असं गृहीत धरून तिचा विचारच होत नाही. प्रत्यक्षात मुंबईहून सुटणारी दोन-तीन रात्रींची क्रूझ आठवड्याच्या मधल्या वारी आणि आतल्या, बिनखिडकीच्या खोलीतून केली, तर चांगल्या हॉटेलातल्या गोव्याच्या सहलीच्या आसपास बसू शकते. त्या भाड्यात राहणं, चार वेळचं खाणं, रोजचे कार्यक्रम आणि प्रवास सगळं येतं. मात्र पैसे हातचे जाण्याच्या दोन ठराविक जागा आहेत: बुकिंगच्या वेळी न वाचलेल्या अटी आणि जहाजावर कार्ड दाखवून केलेल्या सह्या. या दोन्ही सांभाळल्या की क्रूझ बेतात राहते.

आधी महिना ठरवा, मग जहाज

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा काळ हे त्याचं मोठं कारण आहे, पण त्या दिवसांत समुद्रही खवळलेला असतो. ऑगस्टमध्येही तो पुरता शांत झालेला नसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. पाणी शांत असतं, डेकवर म्हणजे जहाजाच्या उघड्या मजल्यावर दुपारी बसवतं आणि मळमळीचा त्रास कमी होतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा समुद्राची ओढ वाटणं साहजिक आहे. पण त्याच वेळी शाळांना सुट्ट्या असल्याने भाडी चढलेली असतात आणि डेकवरची दुपार दमट, चिकट जाते. दिवाळी, ३१ डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सर्वांत महाग. सोमवार ते गुरुवारात बसणारी फेरी बहुतेक वेळा शनिवार-रविवारच्या फेरीपेक्षा स्वस्त मिळते. मुलांच्या शाळेचे दोन दिवस बुडवायचे की जास्तीचं भाडं भरायचं, हे घरात बसून ठरवा.

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज भारतीय बंदरांतून फेऱ्या करतं. मुंबई–गोवा आणि मुंबई–लक्षद्वीप हे त्याचे ओळखीचे मार्ग आहेत. जहाज १९९० चं बांधणीचं आहे, ११ डेकचं आहे आणि आधी एका अमेरिकी कंपनीकडे होतं. म्हणून जाहिरातीतल्या परदेशी महाकाय जहाजांचे व्हिडिओ पाहून अपेक्षा बांधू नका. इथला पोहण्याचा तलाव लहान आणि खोल्या आटोपशीर आहेत. दोन रात्रींची फेरी सवय होईपर्यंतच संपते, पाच रात्री पहिल्याच वेळी लांबतात. नवख्यांसाठी तीन रात्री हा बेत आम्हाला सर्वांत योग्य वाटतो.

भाड्याच्या खाली काय काय लागतं

जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तो खोलीत दोघं राहणार असं धरून काढलेला असतो. एकटा माणूस गेला तर त्याला अनेकदा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. त्याच खोलीतला तिसरा आणि चौथा माणूस मात्र बऱ्याच स्वस्तात येतो. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब त्यामुळे सर्वांत फायद्यात राहतं.

मूळ भाड्यावर तीन गोष्टी चढतात: बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी. बंदर शुल्क मुलांनाही लागतं. 'मुलांना मोफत' अशी योजना असली तरी ते द्यावंच लागतं, आणि इथेच बरेच जण चकतात. समजा मूळ भाडं माणशी १८,००० रुपये आहे, तर हिशेब १८,००० चा करू नका, निदान सव्वापट म्हणजे २२,५०० धरून बसा. मग एजंटला एकच प्रश्न विचारा: "सगळं धरून, चौघांचे मिळून किती?" तो आकडा कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

एजंटकडून बुकिंग करणार असाल तर पैसे दिल्यावर कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. एजंटच्या लेटरहेडवरची पावती पुरेशी नाही. 'लकी ड्रॉमध्ये तुम्हाला क्रूझ लागली, सपत्नीक हॉटेलात या' असे फोन येतात. तिथे तास-दोन तास बसवून सुट्ट्यांचं सभासदत्व गळ्यात मारतात, आणि मोफत सहलीत बंदर शुल्क, कर, तारखांच्या अटी सगळं तुमच्याच माथी येतं. असा फोन आला की ठेवून द्या.

रद्द करण्याची अट पैसे भरण्याआधी वाचा. तारीख जवळ येते तसा परतावा घटत जातो आणि शेवटच्या दिवसांत तो शून्यावर येतो. आणखी एक अट जवळपास प्रत्येक कंपनीची असते: हवामान बिघडलं तर कप्तान मार्ग बदलू शकतो किंवा एखादं बंदर गाळू शकतो. अशा वेळी साधारणपणे त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं, भाडं नाही. फक्त लक्षद्वीप बघायचं म्हणून जाणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते दूर पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटींनी नेतात. लाटा मोठ्या असतील तर बोटी उतरवतच नाहीत.

खोली: पैसे इथे वाचवा

खोल्या ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट. पहिल्यांदा जाणाऱ्याने आतली घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोलीत तुम्ही झोपायला आणि अंघोळीला जाता, समुद्र डेकवरून फुकट आणि जास्त चांगला दिसतो. अपवाद दोन. कुणाला बंद जागेत गुदमरल्यासारखं होत असेल किंवा घरातल्या वयस्करांना दिवसातले बरेच तास खोलीतच पडून राहावं लागणार असेल, तर खिडकीची घ्या.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. बसच्या मागच्या सीटवर जसे गचके जास्त, तसा जहाजाच्या पुढच्या-मागच्या टोकांना आणि वरच्या डेकना झोका जास्त. लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची खोली सर्वांत स्थिर असते, आणि बऱ्याचदा स्वस्तही. डेकचा नकाशा उघडा, आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर असेल तर रात्री दोनपर्यंत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर झोप लागते.

'गॅरंटी' नावाचा स्वस्त दर दिसेल. त्यात प्रकार तुम्ही निवडता, खोली कंपनी देते. एकाच कुटुंबासाठी तो ठीक आहे. पण मामा-मावशी धरून पंधरा जणांचा गोतावळा असेल तर खोल्या वेगवेगळ्या डेकवर पडू शकतात, मग आजीची गोळी एका खोलीत आणि आजी दुसऱ्या. अशा वेळी थोडे जास्त देऊन शेजारच्या खोल्यांचे क्रमांक घ्या.

एम्प्रेससारख्या जहाजावर आतली खोली सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असते. तिसरा-चौथा बिछाना भिंतीतून उघडतो आणि त्यावर शिडीने चढावं लागतं. साठीपुढच्या माणसांना तिथे ठेवू नका. बाथरूमच्या दाराशी उंबरठा उंच असतो, रात्री उठणाऱ्याचा पाय हमखास अडकतो. पहिल्याच दिवशी घरातल्या मोठ्यांना तो दाखवून द्या. दारं जड असतात आणि झटक्यात बंद होतात, मुलांची बोटं सांभाळा.

संडास विमानातल्यासारखे हवेच्या ओढीवर चालतात. त्यात कागदाशिवाय दुसरं काही टाकायचं नाही. सॅनिटरी पॅड किंवा ओला वाइप टाकला तर आपलाच नाही, त्या पाइपवरचे शेजारच्या खोल्यांचेही संडास तुंबतात. जेट फवारा सगळीकडे असेलच असं नाही, एक प्लास्टिकचा लहान मग बॅगेत टाका.

कागदपत्रं

देशातल्या फेरीला प्रौढांना आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टपैकी एक मूळ प्रत लागते. लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला घ्या. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

खरी अडचण नावाची होते. आधारवर 'सुमनबाई', पॅनवर 'सुमन' आणि एजंटने तिकिटावर टाकलं 'सुमन ताई', असा घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे. सोबत नेणार त्या ओळखपत्रावर जे अक्षर न् अक्षर आहे, तेच बुकिंगमध्ये हवं. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मधे आहे का, लग्नाआधीचं आडनाव राहिलंय का, हे पैसे भरण्याआधीच तपासा. नंतर दुरुस्तीला वेळ आणि कधी पैसेही लागतात.

फेरीच्या आधी ऑनलाइन चेक-इन करायचं असतं. फोटो, ओळखपत्राचा तपशील आणि तब्येतीची प्रश्नावली भरली की बोर्डिंग पास मिळतो. त्याचे दोन छापील कागद काढा. गरोदर स्त्रियांना बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत आणि त्याआधी डॉक्टरांचं पत्र मागतात. सहा महिन्यांखालच्या बाळांनाही सहसा परवानगी नसते.

परदेशी बंदर असेल तर परतीच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध पासपोर्ट हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणाऱ्या सहलीत त्या देशात दोनदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आयकर, कापला जातो. तो प्रवाशाच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता करता येतो, म्हणून पॅन बरोबर द्या आणि पावती जपा.

बॅग

मोठी बॅग धक्क्यावर टॅग लावून द्यायची, ती संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येते. म्हणजे दुपारचे पाच-सहा तास ती तुमच्याजवळ नसते. बीपी-शुगरच्या गोळ्या, कागदपत्रं, चार्जर, मुलांचे कपड्यांचे एक-दोन जोड आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. तलावात नायलॉनचेच कपडे चालतात, सुती टी-शर्ट किंवा साडीत उतरू देत नाहीत. डायपरवाल्या बाळांनाही तलावात मनाई असते.

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर यांतलं काहीही नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, कारण पळायला जागा नसते. नेमाची पूजा असेल तर हात जोडून करा. दारू बाहेरून नेता येत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंदी आहे, तो बॅगेत सापडला तर अडचण होईल. सिगारेट फक्त ठरवून दिलेल्या जागी. खोलीत ओढली तर मोठा दंड थेट बिलात लागतो.

घरचं खाणं हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय. बंद पाकिटातली शेव, चिवडा, बिस्किटं बहुतेक वेळा जाऊ देतात. डब्यातला ठेचा, लोणचं, दशम्या, कळण्याच्या भाकरी मात्र सहसा अडवतात. त्या रेल्वेतच संपवा.

जुन्या परदेशी बांधणीच्या जहाजांवर चपट्या दोन पिनांचे आणि गोल दोन पिनांचे प्लग असतात. आपला तीन पिनांचा प्लग बसेलच असं नाही. एक युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या, एक्सटेन्शन बोर्ड नको. खोलीच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे चार चुंबकाचे हुक नेले तर टॉवेल आणि ओले कपडे टांगायची सोय होते. एसी कडक असतो, शाल किंवा स्वेटर हवाच.

धक्क्यापर्यंत

मुंबईतला क्रूझचा धक्का बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. भुसावळ-जळगावकडून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सीएसएमटीला उतरणं सोयीचं पडतं. विदर्भ आणि अमरावती एक्सप्रेस त्या वेळेच्या आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सुरतमार्गे येणाऱ्या गाड्या पश्चिम रेल्वेवर उतरवतात. तिथून सकाळी नऊ-दहाच्या लोकलमध्ये बॅगा घेऊन शिरायचं धाडस करू नका, थेट टॅक्सी करा.

सकाळी सुटणारी आणि दुपारी मुंबईत पोचणारी गाडी त्याच दिवशीच्या जहाजासाठी धरू नका. कसारा घाटात एक मालगाडी बंद पडली की तीन तास जातात, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या वेळेआधी दीड-दोन तास चढणं बंद होतं. तिकिटावर छापलेली चढणं बंद होण्याची वेळ हीच खरी धरायची. पावसाळ्याच्या काठावरची तारीख असेल तर एक रात्र आधी मुंबईत मुक्काम केलेला बरा. सोडायला आलेल्या नातेवाइकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, निरोप बाहेरच घ्या.

पहिले काही तास

चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि उधारीचं खातं, तिन्ही तेच. जहाजावर रोख चालत नाही, जे घ्याल ते या कार्डावर चढतं. पैसे खिशातून जाताना दिसत नाहीत, म्हणून हिशेब सुटतो. मुलांच्या कार्डावरची खरेदी काउंटरवर सांगून आजच बंद करा.

खोली लगेच मिळाली नाही तर आधी जेवून घ्या. मग सायरन वाजतो: सात लहान भोंगे आणि एक लांब. हा सुरक्षेचा सराव आहे आणि तो टाळता येत नाही. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये समुद्रातल्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आजचे नियम त्याच परंपरेतले आहेत. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेला नव्हता. त्या दुर्घटनेत ३२ जण गेले. त्यानंतर सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. कार्डावर तुमच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक असतो. लहान मुलांच्या मापाचं जीवरक्षक जॅकेट आहे का, हे तिथेच विचारा आणि आजी-आजोबांना जिन्याने ती जागा एकदा दाखवून आणा. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत.

खोलीच्या क्रमांकातला पहिला आकडा डेकचा असतो. दोन्ही बाजूंचे बोळ हुबेहूब सारखे दिसतात. आपली बाजू सम की विषम, एवढं मुलांना पाठ करायला लावा.

खाणं-पिणं

मुख्य जेवणाचा हॉल आणि बुफे भाड्यात असतात. नाव वेगळं, मेनूकार्ड जाड आणि बाहेर माणूस उभा, अशी ठिकाणं सहसा पैशांची. बसण्याआधी विचारा, "हे भाड्यात आहे का?" शाकाहारी जेवण भरपूर मिळतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवावं, कारण स्वयंपाकघर आकडा आधी काढतं. वरण-बट्टी किंवा भरीत शोधू नका. डाळ-भात, पोळी, पनीर, दाक्षिणात्य नाश्ता यावर पोट नीट भरतं. मुख्य गर्दी सकाळी साडेआठ ते साडेनऊला होते, त्याआधी गेलात तर खिडकीजवळचं टेबल मिळतं.

दारूचं पॅकेज घेण्याआधी दिवसाला किती पेले होणार, ते सरळ गुणून बघा. खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं तर सगळ्यांनी घ्यावं लागतं, अशी अट अनेक कंपन्यांत असते. नुसतं पाणी आणि चहा बुफेवर मिळतो, खोलीतल्या फ्रिजमधली बाटली बिलात येते.

जेवणाआधी साबणाने हात धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण जहाजावर उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही. वीस सेकंद साबण-पाणी हाच उपाय.

मळमळ

ही भीती सर्वांना असते आणि बहुतेकांना त्रास थोडाच होतो. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून बिनखिडकीच्या खोलीत मोबाइलवर डोळे लावून पडून राहणं सर्वांत वाईट. बरं वाटेनासं झालं की मधल्या डेकवर मोकळ्या हवेत या आणि क्षितिजाकडे पाहा.

गोळी उलटी होण्याआधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकत नाही. अव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच सोबत घ्या. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती मनाने घेऊ नये, दोन वर्षांखालच्या मुलांना तर देऊच नये. रिकाम्या पोटी राहू नका आणि तेलकटही खाऊ नका. कोरडा टोस्ट, सफरचंद, आल्याची वडी चालते. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी लागते आणि घरच्या मेडिक्लेमची कॅशलेस सोय तिथे सहसा चालत नाही. पावती घ्या आणि नंतर दावा करा.

मोबाइल आणि किनारा

किनारा सुटला की तासाभरात रेंज जाते. त्यानंतर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला गेला तर एका कॉलचं बिल शेकड्यांत येऊ शकतं. रेंज जायला लागली की सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय वेगळं विकत मिळतं आणि हळू असतं. घरी आधीच सांगून ठेवा की दीड-दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर मागे उगाच काळजी.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर, म्हणजे वेळ कमी असेल तर उत्तरेकडचे किनारे गाठायचा हट्ट सोडा. जहाजाने ठरवलेली किनाऱ्यावरची सहल महाग पण सुरक्षित. स्वतः टॅक्सी केली तर चौघांत निम्म्यात बसू शकते, पण परतायची जबाबदारी तुमची. जहाजाने ठरवलेल्या 'सर्व प्रवासी परत' या वेळेच्या किमान एक तास आधी धक्क्यावर असा. कार्ड आणि ओळखपत्र सोबत असल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि गोळ्या आधी बाहेर काढून ठेवा. दर वेळी कुणीतरी सगळंच बॅगेत भरतं आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांत उतरतं. बॅगा स्वतः उचलता येत असतील तर 'स्वतः नेऊ' असं सांगा, उतरायला लवकर मिळतं.

त्याच रात्री काउंटरवर जाऊन बिलाचा तपशील मागा आणि ओळ न् ओळ वाचा. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेला फोटो, शेजारच्या खोलीचा खर्च असं काही दिसलं तर तिथेच दुरुस्त करून मिळतं. उतरल्यावर नुसते ईमेल करत बसावं लागतं. सकाळी रांग लांब असते, रात्री अकरानंतर काउंटर मोकळा असतो.

परतीचं आरक्षण सकाळच्या गाडीचं करू नका. जहाज वेळेत लागलं तरी सगळे उतरून बॅगा हातात येईपर्यंत दोन-तीन तास जातात. संध्याकाळची अमरावती किंवा विदर्भ एक्सप्रेस धरा आणि बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून लहान कुलपं घरूनच न्या.